ग्राफिक्स कार्ड एक्स १६ ऐवजी एक्स ८ दाखवतंय? ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीवर बस स्पीड कसा तपासायचा

ओव्हरक्लॉक (प्रोसेसर, रॅम किंवा कार्ड कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) जमला, टेम्परेचर ठीक आहे, बेंचमार्कचा स्कोअरही छान आलाय, आणि मग कोणीतरी मित्र म्हणतो की जरा जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बस इंटरफेस बघ, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसची (पीसीआयई) ओळ, आणि तिथे ४.० च्या जागी ३.० किंवा थेट १.१ दिसतं, नाहीतर एक्स १६ च्या जागी एक्स ८. तिथून पुढे लोक जे करत सुटतात ते बघून खरंच वाईट वाटतं. विंडोज नव्याने टाकतात, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश करतात, व्होल्टेज वाढवतात, कार्ड दुकानात परत नेऊन भांडतात. बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. मी माझ्या स्वतःच्या मशीनवर या सगळ्यातून गेलोय, नंतर ओळखीतल्यांचे पीसीही याच तक्रारीसाठी उघडले, त्यामुळे कोणत्या क्रमाने बघायचं ते आता बऱ्यापैकी पक्कं झालंय, तेच इथे लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, बाकी अर्धं काम तिथेच होतं. त्या एका ओळीत दोन वेगळे आकडे असतात. एक्स १६, एक्स ८, एक्स ४ ही रुंदी, म्हणजे किती लेन (डेटाच्या वाटा) चालू आहेत. आणि १.१, २.०, ३.०, ४.० हे जेनरेशन, म्हणजे एकेका लेनचा वेग. रुंदी कमी झाली असेल तर कारण जवळपास नेहमी हाताला लागणारं असतं, स्लॉट, कॉन्टॅक्ट, एम.२ ड्राइव्ह (बोर्डावर थेट बसणारा एसएसडी), पिना. वेग कमी झाला असेल तर कारण पॉवर सेव्हिंग, बायोस सेटिंग, रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट यांच्यामध्ये लावायची जोडकेबल) किंवा तुमचा ओव्हरक्लॉक. हे दोन एकत्र करून शोधत बसलात तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही.

हाताशी काय काय हवं

- जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो (पूर्ण पीसीची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम), दोन्ही फुकट आहेत, त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या
- मदरबोर्डच्या मॅन्युअलची पीडीएफ, अगदी तुमच्याच मॉडेलची, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून
- कार्ड, बोर्ड, पॉवर सप्लाय यांची जीएसटी बिलं आणि सिरीयल नंबरचे फोटो
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च (मोबाईलचा चालतो पण दोन हात मोकळे राहिले तर बरं), प्लास्टिकची पट्टी
- ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. पुण्यात तपकीर गल्लीत मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, आयपीए म्हणून मागा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं
- पेनड्राइव्ह, बायोसचं प्रोफाइल सेव्ह करून ठेवायला
- विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, कागदावर लिहून. हे विसरू नका, बायोस रिसेट किंवा अपडेट केल्यावर विंडोज ती की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला

१. रिकाम्या डेस्कटॉपवरचा आकडा धरून चालू नका

डेस्कटॉपवर काही न करता बसलेलं कार्ड लिंकचा वेग स्वतःहून खाली आणतं, वीज वाचवायला. त्यामुळे जीपीयू-झेडमध्ये "पीसीआयई एक्स १६ ४.० @ एक्स १६ १.१" असं दिसणं हे पूर्णपणे नॉर्मल आहे. @ च्या आधी आहे ते कार्डाची कमाल क्षमता, नंतरचं आहे ते या क्षणाला चालू असलेलं. काही कार्डं रिकामी असताना रुंदीसुद्धा कमी करतात, म्हणून दोन्ही आकडे लोडखालीच, म्हणजे कार्ड कामाला लावूनच बघायचे.

त्या ओळीच्या शेजारी प्रश्नचिन्हाचं छोटं बटण आहे, ते दाबलं की रेंडर टेस्टची खिडकी उघडते, स्टार्ट करा, पाच-दहा सेकंद थांबा आणि आकडा परत बघा. मी शक्यतो एखादा जड गेम विंडो मोडमध्ये चालवून शेजारी जीपीयू-झेड उघडं ठेवतो, कारण ती रेंडर टेस्ट फारच हलकी आहे आणि मोठं कार्ड तिच्यात पूर्ण जागं होतंच असं नाही.

इथे दोन ठिकाणी प्रोग्रॅमच फसवे आकडे दाखवू शकतात. इंटेलच्या आर्क कार्डांवर बऱ्याचदा एक्स १ १.१ दिसतं आणि माणूस घाबरतो, पण कार्डाच्या आतच एक पीसीआय ब्रिज आहे आणि ब्रिज ते जीपीयू या आतल्या भागाचा आकडा तो प्रोग्रॅम वाचत असतो, खऱ्या स्लॉटचा नाही. एएमडीच्या नव्या कार्डांतही असाच आतला ब्रिज असतो, तिथे उलटं होऊ शकतं, म्हणजे आतला आकडा एक्स १६ ४.० मस्त दिसतो आणि स्लॉटवर मात्र कमी चालू असतं. खात्री करायची असेल तर एचडब्ल्यूइन्फो पूर्ण मोडमध्ये उघडा, डावीकडच्या झाडात बस हा भाग उघडा, आणि प्रोसेसरचा जो पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट आहे, ज्याच्या पोटात तुमचं कार्ड दिसतं, त्यावर क्लिक करून चालू लिंकची रुंदी आणि वेग वाचा. स्लॉटचं खरं उत्तर तिथे असतं.

लोड दिल्यावर आकडा पूर्ण वर जात असेल तर तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नाही, इथेच थांबा आणि गेम खेळा.

२. तुमच्या पीसीला मुळात किती मिळायला हवं ते काढा

लिंक ठरते ती कार्ड, प्रोसेसर आणि बोर्ड या तिघांत जो सगळ्यात कमी असेल त्याच्यावर. बरीच मंडळी इथेच गडबडतात, नसलेला प्रॉब्लेम शोधत बसतात.

कार्डापासून सुरू करू. आरटीएक्स ४०६०, ४०६० टीआय, आरएक्स ६६००, ६६०० एक्सटी, ७६०० ही सगळी कार्डं मुळातच एक्स ८ आहेत, कनेक्टर लांब दिसतो तरीही. आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० तर फक्त एक्स ४. यांच्यावर एक्स १६ कधीच दिसणार नाही, कितीही बायोस बदला.

मग प्रोसेसर. रायझन ५५०० आणि ५६००जी यांच्यावर जेन ३ च मिळतं, साध्या ५६०० वर मात्र जेन ४, नावात एवढासा फरक आणि बसमध्ये दुप्पट, त्यामुळे बिलावरचं नाव नीट वाचा. एएम५ (रायझनचा नवा सॉकेट) मध्ये ८६००जी आणि ८७००जी ग्राफिक्स कार्डाला आठच लेन देतात, ८५००जी चारच. इंटेलकडे दहावी पिढी जेन ३, अकरावी जेन ४, बारावीपासून पुढे मुख्य स्लॉट जेन ५.

आणि बोर्ड. बी४५० आणि ए५२० वर जेन ३, बी५५० वर मुख्य स्लॉट जेन ४. २०१९ मध्ये काही बी४५०, एक्स४७० बोर्डांच्या सुरुवातीच्या बायोसमध्ये जेन ४ चा पर्याय दिसायचा, तो एएमडीने पुढच्या बायोसमधून काढून टाकला, म्हणून कुठेतरी जुना स्क्रीनशॉट बघून "माझ्याकडे का नाही" म्हणू नका.

वेगाचा अंदाज यावा म्हणून आकडे सांगतो. २००३ चं जेन १ एका लेनला सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफर, २००७ चं जेन २ पाच, २०१० चं जेन ३ आठ, २०१७ चं जेन ४ सोळा, २०१९ चं जेन ५ बत्तीस. वापरायच्या भाषेत जेन ३ एक्स १६ म्हणजे एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी, जेन ४ एक्स १६ म्हणजे ३२ च्या आसपास. जेन ४ एक्स ८ आणि जेन ३ एक्स १६ हे जवळपास सारखेच.

खऱ्या गेममध्ये यातून किती फरक पडतो? कार्डाची मेमरी पुरेशी असेल तर जेन ३ एक्स १६ आणि जेन ३ एक्स ८ मध्ये बहुतेक गेममध्ये थोड्या टक्क्यांचाच. पण मेमरी भरून सांडायला लागली की टेक्श्चर रॅममधून बसवरून यायला लागतात आणि मग प्रत्येक लेन मोजावी लागते. ४ जीबीचं ६५०० एक्सटी जेन ३ बोर्डावर लावलं की गेम अडखळतात ते म्हणूनच. हे मुद्दाम सांगतोय कारण ८ जीबीच्या कार्डावर एक्स ८ बघून नवं बोर्ड घ्यायला निघालेले लोक मी पाहिलेत, त्यांनी टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणली असती तर पैसे वाचले असते.

३. सगळा ओव्हरक्लॉक काढा, आणि सगळा म्हणजे खरंच सगळा

आता लोड देऊनही आकडा अपेक्षेपेक्षा कमीच आहे असं पक्कं झालं. तर पहिलं काम, बायोसमधलं आत्ताचं प्रोफाइल पेनड्राइव्हवर सेव्ह करा, शिवाय प्रत्येक पानाचे मोबाईलने फोटो काढा (बायोसची आवृत्ती बदलली तर जुनी प्रोफाइल बऱ्याचदा लोड होत नाहीत, फोटो कामी येतात). बिटलॉकर सस्पेंड करा. मग बायोसमध्ये ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट लोड करा, विंडोजमध्ये येऊन आफ्टरबर्नरही (कार्ड ओव्हरक्लॉक करायचा प्रोग्रॅम) रिसेट करा आणि त्याचं स्टार्टअपला प्रोफाइल लावणं बंद करा.

"मी फक्त एक्सएमपी लावलंय, ओव्हरक्लॉक नाही केलेला" असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. एक्सएमपी आणि एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवणारी रेडीमेड प्रोफाइल) हाही ओव्हरक्लॉकच आहे, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच बसलाय आणि पीसीआय एक्सप्रेसच्या लेनही तिथूनच निघतात, त्यामुळे तेही बंद.

आता पूर्ण शटडाउन करा, रीस्टार्ट नाही. पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, केसचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग परत चालू. हे का, तर लिंकची जुळवणी बूट होताना होते आणि नुसत्या रीस्टार्टमध्ये कधीकधी कार्डाची वीज पूर्ण जातच नाही.

डिफॉल्टवर आकडा पूर्ण आला तर गुन्हेगार तुमच्या सेटिंगमध्येच आहे, मुद्दा ४ बघा. डिफॉल्टवरही कमीच असेल तर वेग कमी असल्यास मुद्दा ५, रुंदी कमी असल्यास ६.

४. बीसीएलके: ओव्हरक्लॉक आणि बस यांची गाठ इथे आहे

ग्राफिक्स कार्डाचा कोर किंवा मेमरी क्लॉक वाढवल्याने पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक बदलत नाही. प्रोसेसरचा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणणारा आकडा) किंवा पीबीओ (रायझनचा बूस्ट वाढवणारं सेटिंग) वाढवल्यानेही नाही. बदलतो तो बीसीएलके, म्हणजे बेस क्लॉक, जो १०० मेगाहर्ट्झ असतो.

एएम४ वर (रायझनचा आधीचा सॉकेट) बाहेरचा क्लॉक जनरेटर नसलेल्या बोर्डावर बीसीएलके वाढवला की पीसीआय एक्सप्रेसही त्याच प्रमाणात वाढतो. १०३ केला तर जेन ३ चा ८ चा वेग ८.२४ होतो. ऐकायला फायदा वाटतो पण कार्ड, एनव्हीएमई ड्राइव्ह (एम.२ मधला एसएसडी), साटा कंट्रोलर हे सगळे १०० ला बनवलेले असतात, त्यांना हे सहन होईलच असं नाही. लिंक जुळत नाही आणि खालच्या जेनरेशनवर येते, काही बोर्ड तर साधारण १०५ च्या पुढे गेल्यावर स्वतःहूनच स्लॉट जेन २ वर टाकतात. आणि यातला सगळ्यात वाईट भाग कार्डाचा नाहीच, त्याच क्लॉकवर चालणाऱ्या ड्राइव्हवरच्या फाइल्स खराब होऊ शकतात, तेही गुपचूप, कळतं ते खूप नंतर.

इंटेलमध्ये २०११ च्या सँडी ब्रिजवर सगळंच एका क्लॉकला बांधलेलं होतं, तीन-चार टक्क्यांपुढे मशीन टिकायचंच नाही. २०१५ च्या स्कायलेकपासून पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक वेगळा केला, म्हणून तिथे हा त्रास खूप कमी.

तुम्ही स्वतः हात लावला नसेल तरीही तपासा. काही बोर्डांच्या रेडीमेड ओव्हरक्लॉक प्रीसेटमध्ये, त्या एका क्लिकवाल्या ऑटो ट्यूनिंगमध्ये, मल्टिप्लायरबरोबर बीसीएलकेही वाढवलेला असतो. सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) बस स्पीड बघा. ९९.८ किंवा ९९.९ दिसलं तर काळजी नको, स्प्रेड स्पेक्ट्रममुळे (क्लॉक मुद्दाम किंचित हलता ठेवल्यामुळे) तसं दिसतं. १०१ च्या वर काही दिसलं तर बायोसमध्ये ऑटो न ठेवता हाताने १००.०० टाइप करून टाका.

माझं मत स्पष्ट आहे, रोजच्या कामाच्या पीसीवर बीसीएलके वाढवूच नये. जो वेग हवाय तो मल्टिप्लायर, पीबीओ, कर्व्ह ऑप्टिमायझर (रायझनचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) आणि चांगल्या रॅम टायमिंगमधून मिळतो.

बीसीएलके १०० असूनही एक्सएमपी लावल्यावरच गडबड होत असेल तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा. रायझन ५००० वर ३६०० ची रॅम आणि १८०० चा फॅब्रिक क्लॉक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा वेग) सहसा आरामात चालतो, १९०० ला काही चिप चालतात काही नाही, आणि न चालणारी चिप लगेच बंद पडत नाही, नुसते एरर टाकत राहते. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) वाढवून हे दाबायचा मोह होतो, एएम५ वर तर तो अजिबात नको, २०२३ मध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने नव्या बायोसमध्ये १.३ व्होल्टची मर्यादा घातली ती उगाच नाही.

५. वेग कमी आहे, रुंदी ठीक आहे

आधी सोपं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग, तिथे पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा. एनव्हीडिया असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट मोड जास्तीत जास्त परफॉर्मन्सवर ठेवून बघा. हे तपासण्यापुरतं, कायमचं ठेवायची गरज नाही, उन्हाळ्यात पुण्यात आता खोलीचं टेम्परेचर जिथे जातंय तिथे रिकामं बसलेलं कार्ड विनाकारण गरम ठेवण्यात अर्थ नाही.

मग बायोसमध्ये स्लॉटच्या वेगाचं सेटिंग शोधा, वेगवेगळ्या कंपन्यांनी ते वेगवेगळ्या पानावर लपवलंय, मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये शोधलं तर पटकन मिळतं. ऑटो असेल तर हाताने जेन ४ (किंवा तुमची जी कमाल असेल ती) करून बघा. कोणीतरी आधी जेन ३ वर अडकवून ठेवलेलं असेल, सेकंडहँड बोर्डात हे हमखास सापडतं.

उभं कार्ड लावलंय, म्हणजे रायझर केबल आहे? मग दुसरं काहीही बघायच्या आधी रायझर काढून कार्ड थेट बोर्डात लावा. जेन ३ साठी बनवलेली केबल जेन ४ ला काळी स्क्रीन, अडखळणं, लिंक खाली येणं असे सगळे प्रकार करते. तीच केबल वापरायची असेल तर बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर बांधून टाका, गेममध्ये फरक फारसा कळणार नाही आणि मशीन शांत चालेल. सतत धडपडणाऱ्या जेन ४ पेक्षा पक्कं जेन ३ कधीही चांगलं.

बायोस अपडेट हा यातला शेवटचा उपाय, आणि करायचाच असेल तर यूपीएसवर करा. शिवाय पुण्यात गुरुवार टाळा, महावितरणची देखभालीची कामं त्या दिवशी निघतात आणि अपडेटच्या मध्येच लाईट गेली तर बोर्ड गेला समजा, बायोस फ्लॅशबॅकची (पेनड्राइव्हवरून बायोस परत भरायची) सोय नसेल तर फारच अवघड होतं.

६. रुंदी कमी आहे

कागदावरून सुरू करा. मॅन्युअलमध्ये स्लॉटचं कोष्टक असतं, त्याखाली बारीक अक्षरात टिपा असतात, खरी माहिती त्या टिपांत. काही बोर्डांवर ठराविक एम.२ स्लॉट भरला की ग्राफिक्सचा स्लॉट एक्स १६ वरून एक्स ८ वर येतो, खास करून जेन ५ एम.२ असलेल्या झेड७९० वगैरे बोर्डांत, कारण त्या लेन ग्राफिक्सच्या वाट्यातूनच काढलेल्या असतात. उपाय म्हणजे ड्राइव्ह दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये हलवा, झालं. बायोसमध्ये बायफर्केशनचं (स्लॉटच्या लेन वाटून द्यायचं) सेटिंगही बघून घ्या, एक्स ८ एक्स ८ वर राहिलं असेल तर ऑटो करा.

कार्ड नक्की वरच्या स्लॉटमध्येच आहे ना? खालचा लांब स्लॉट बऱ्याच बोर्डांवर आतून एक्स ४ च असतो. टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघा, पिना अर्ध्यातच संपलेल्या दिसतात.

हे सगळं ठीक असेल तर आता कार्ड काढायचं. पॉवर सप्लाय बंद, बटण दाबून उरलीसुरली वीज काढा, केसच्या धातूला हात लावा. पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा, मग स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबा. मोठ्या एअर कूलरखाली बोट जात नाही, तिथे ती प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर घालू नका, घसरला तर बोर्डावरचा ट्रॅक कापला जातो. क्लिप सुटल्याशिवाय कार्ड ओढायचं नाही.

कार्डाची सोनेरी किनार टॉर्चखाली तिरकी धरा. पुण्यात मेट्रोची, रस्त्याची कामं कुठे ना कुठे चालूच असतात, ती बारीक धूळ आणि वर पावसाळ्याची दमट हवा, यांचा मिळून एक करडा थर बसतो जो समोरून बघितला तर दिसत नाही, तिरकं धरल्यावर दिसतो. कापडाला थोडं आयपीए लावून किनारीच्या दिशेने हलक्या हाताने पुसा, दोन्ही बाजू, पूर्ण वाळू द्या. खोडरबरने घासायचा सल्ला सगळेच देतात, मी देणार नाही, सोन्याचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. स्लॉटमध्ये काही ओतू नका, ब्लोअरने हवा मारा एवढंच.

पुसताना किनारीच्या अगदी वर बघा. तिथे मोहरीहून लहान, तपकिरी ठोकळ्यांची रांग असते, ते कॅपॅसिटर, प्रत्येक लेनच्या वाटेत दोन-दोन. धनकवडीच्या एका मित्राने सेकंडहँड घेतलेलं कार्ड काही केल्या एक्स ८ च्या वर जात नव्हतं, स्लॉट बदलला, बोर्ड बदलला तरी तेच. किनारीवर टॉर्च मारला तर त्या रांगेत एका ठिकाणी ठोकळा नव्हता, नुसते कथिलाचे दोन चकचकीत ठिपके उरले होते. केसमध्ये घालताना कडेला घासून उडाला असणार. सोळांपैकी एक लेन गेली तरी लिंक पंधरावर चालत नाही, सरळ आठवर येते, किंवा गेलेली लेन कोणती त्यावरून चार, एकवरही. चिप लेव्हलचं काम करणारा चांगला कारागीर असा कॅपॅसिटर बसवू शकतो, वॉरंटीत असेल तर मात्र बाहेर कोणाकडे देऊच नका. सेकंडहँड कार्ड घ्यायला जाताना ही रांग आधी बघा, आणि लोडखालचं जीपीयू-झेड विकणाऱ्याच्याच मशीनवर बघा.

कार्ड परत लावताना क्लिपचा "टक" आवाज आला पाहिजे, आणि दोन्ही टोकं सारखी खाली गेली पाहिजेत. लांब जड कार्ड एका बाजूने लोंबत असेल तर खालून आधार द्या.

एवढं करूनही एक्स ८? मग प्रोसेसरचा सॉकेट. कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, किंवा सॉकेटमधली एखादी पिन वाकली, तर नेमक्या त्याच लेनचा कॉन्टॅक्ट जातो आणि बाकी मशीन अगदी व्यवस्थित चालतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. नवा कूलर लावल्यापासून सुरू झालं असेल तर जवळपास इथेच असणार. कूलर सैल करून स्क्रू तिरकस जोडीने, थोडे थोडे, सारखे आवळा. त्याने नाही गेलं तर प्रोसेसर काढून पिना आणि पॅड बघा, थर्मल पेस्ट गेलीय का बघा. वाकलेली पिन सरळ करायचा हात तुम्हाला नसेल तर करू नका, ज्याला रोजची सवय आहे त्याला दाखवा.

७. एररची नोंद वाचा

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, तिथे व्हिया-लॉगर नावाच्या नोंदी शोधा. आयडी १७ आणि पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा उल्लेख असेल तर लिंकवर चुका होतायत आणि त्या दुरुस्त होऊन पुढे जातायत. मशीन क्रॅश होत नाही, फक्त मधूनच अडखळतं. आयडी १९ असेल तर तो प्रोसेसरकडचा, रायझनवर बहुधा फॅब्रिक क्लॉक ओढल्याचा.

१७ दिसला म्हणजे ग्राफिक्स कार्डच, असं धरू नका. नोंदीत बस, डिव्हाइस, फंक्शनचे आकडे असतात, ते एचडब्ल्यूइन्फोच्या झाडाशी जुळवा, कधीकधी तो एनव्हीएमई ड्राइव्ह किंवा वायफाय कार्ड निघतं आणि तुम्ही बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागलेले असता. एचडब्ल्यूइन्फोच्या सेन्सर पानावर सगळ्यात खाली विंडोजच्या हार्डवेअर एररचा काउंटरही आहे, गेम खेळताना तो शून्यावर राहिला पाहिजे.

आणखी एक घोटाळा इथेच सांगतो. कार्डाची मेमरी फार ओव्हरक्लॉक केली तर जीडीडीआर६ चुकलेला डेटा परत पाठवते, त्यामुळे क्रॅश होत नाही पण एफपीएस उलटे कमी होतात. लोकांना वाटतं बसच अडतेय. मेमरी क्लॉक थोडा खाली आणल्यावर एफपीएस वाढले तर बसचा काही संबंध नव्हता.

८. ओव्हरक्लॉक परत चढवताना

एका वेळी एकच गोष्ट. आधी एक्सएमपी, मग बूट, मग लोडखाली रुंदी आणि वेग, मग एरर काउंटर. सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवस तसंच वापरा. मग प्रोसेसर. मग सगळ्यात शेवटी कार्ड. डिफॉल्ट केल्यावर रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) बंद झालेला असू शकतो, तो परत चालू करायला विसरू नका, नाहीतर नंतर कमी एफपीएस बघून परत बसवर संशय.

आकडा खरंच मोजायचा असेल तर थ्रीडीमार्कच्या पैसे भरलेल्या आवृत्तीत पीसीआय एक्सप्रेसची वेगळी टेस्ट आहे, सेलमध्ये स्वस्त मिळते. जेन ४ एक्स १६ वर ३२ कधीच येणार नाही, पंचविशीच्या आसपास आलं तरी निवांत राहा. जेन ३ एक्स १६ वर १२-१३ आलं तर तेही नॉर्मल आहे.

९. दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर

आधी कार्ड मित्राच्या मशीनवर लावून बघा आणि मित्राचं कार्ड तुमच्या मशीनवर. तक्रार कार्डाबरोबर गेली तर कार्ड, तुमच्याकडेच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. हे न करता गेलात की समोरचा म्हणतो "आमच्याकडे चालतंय" आणि तुम्ही गाडी काढून परत घरी.

बायोस डिफॉल्टवर असतानाचे, लोडखालचे जीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट सोबत न्या, दोन्ही मशीनवरचे. बिल आणि खोका न्या. कूलरचे स्क्रू उघडू नका, त्यावर स्टिकर असतं. आणि देताना नुसतं "स्लो आहे" सांगू नका, पावतीवर "एक्स १६ ऐवजी एक्स ८ वर चालतं, दोन मशीनवर तपासलं" असं लिहून घ्या, कारण टेस्टिंग करणारा माणूस वेगळा असतो, तो डिस्प्ले येतोय एवढं बघून कार्ड परत पाठवतो. परत मिळाल्यावर काउंटरवरच त्यांच्या टेस्ट बेंचवर लावून मागा, लोड देऊन रुंदीचा आकडा बघा आणि सिरीयल नंबर तुमच्या फोटोशी जुळवा, बदलून दिलेलं असेल तर नवा नंबर पावतीवर लिहून घेऊनच तिथून निघा.